हात खाली

सभागृहाचं कामकाज टीव्हीवर लागायचं तेव्हा पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक छोटी चौकट असायची आणि त्या चौकटीत काळ्या कपड्यांतली एक बाई सतत हात हलवत असायची. ऐकू येणाऱ्यांचं तिच्याकडे लक्ष नसायचं. जेवताना घरातली पोरं तिची नक्कल करायची, तेवढंच. पण देशभरातल्या बहिऱ्यांसाठी ती चौकट म्हणजेच सभागृह होतं. बाकीच्या पडद्यावर त्यांना नुसती उघडमीट करणारी तोंडं दिसायची. इमारतीतले शिपायापासून सचिवापर्यंत सगळे तिला 'कोपऱ्यातल्या बाई' म्हणत, आणि तिलाही त्यात काही वावगं वाटत नसे.

तिचे आईवडील दोघंही जन्मापासून बहिरे. घरात ऐकू येणारी ती एकटीच, त्यामुळे नीट बोलायला लागायच्या आधीच ती घराचे कान झाली होती. दार वाजलं, नळाला पाणी आलं, डॉक्टर काय म्हणाले, बँकेतला माणूस का वैतागलाय, सगळं तिच्या बोटांवाटे घरात यायचं. बोटांची भाषा शिकता शिकता आईची दुसरी विद्याही तिच्या अंगात मुरली, ती म्हणजे ओठ वाचायची. आईचा जन्म शिवणकारखान्यात गेला होता. यंत्रांच्या खडखडाटात तिथं ऐकू येणाऱ्या बायकांनाही एकमेकींच्या ओठांवरूनच बोलणं समजून घ्यावं लागायचं. त्या विद्येत आई सगळ्यांची गुरू.

आई होती मात्र कडक. एकदा शेजारी पाण्यावरून भांडायला आला आणि तोंडाला येईल ते बोलला. पोर लहान होती. लाजून तिनं त्यातलं अर्धंच सांगितलं. आईनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं, लेकीच्या हातांकडे पाहिलं आणि खुणेनं म्हणाली, "शिव्या गाळू नकोस. त्या मला दिल्यात, तुला नाही." मग तिनं सगळ्या शिव्या व्यवस्थित समजून घेतल्या आणि त्याच तोलाच्या परत पाठवल्या. त्या पोचवताना पोरीचे कान लाल झाले होते.

अशी ती तयार झाली होती. सभागृहातली नोकरी लागली त्या दिवशी वडील हयात नव्हते, पण आईनं शेजाऱ्यापाजाऱ्यांना ओढून टीव्हीपुढे बसवलं होतं.

पुढे देशाचं गाडं घसरायला लागलं, तेही एकदम नाही. मोठे साहेब निवडून आले ते रीतसर, भरघोस मतांनी. लोकांना कामं झालेली हवी होती, साहेब कामं करत होते. मग हळूहळू सभागृहात प्रश्न विचारायचा वेळ कमी झाला. वर्तमानपत्रं एकेक करून बंद पडली किंवा गोड बोलायला लागली. एका न्यायाधीशाची बदली झाली, मग आणखी एकाची. प्रत्येक वेळी लोक म्हणायचे, एवढ्यानं काय आभाळ कोसळतंय का. आणि खरंच कोसळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुकानं उघडायची, बस वेळेवर यायची.

कोपऱ्यातल्या बाईपर्यंत हे पोचलं ते एका विनोदी वाटेनं. बहिऱ्यांनी मोठ्या साहेबांना नावाऐवजी एक खूण दिली होती: गळ्याशी दोन बोटं नेऊन सदऱ्याचं वरचं बटण लावल्यासारखं करायचं, कारण साहेब कधीही ते बटण उघडं ठेवत नसत. वरून आदेश आला, की ही खूण अवमानकारक आहे. एक समिती बसली. तिच्यात बहिरा माणूस औषधालाही नव्हता. तिनं आदरयुक्त खूण शोधून काढली: पोटावर तळवा ठेवून तो सन्मानानं वर न्यायचा. बहिऱ्यांच्या भाषेत याचा अर्थ होत होता आंबट ढेकर. आठवडाभर देशातले सगळे बहिरे पोट धरून हसत होते. आईला तर हसता हसता उचकी लागली. मग समितीनं गुपचूप तिसरी खूण काढली आणि हसू थांबलं.

त्यानंतरचं काही हसण्यासारखं नव्हतं. विरोधी बाकांवरचा कुणी बोलायला उठला की त्याच्यासमोरचा माईक मध्येच बंद व्हायला लागला. कारण तांत्रिक. पडद्यावर लगेच अध्यक्षांचा चेहरा नाहीतर इमारतीचा घुमट दिसायचा. बाईला प्रसारणप्रमुखांनी बोलावून सांगितलं, की आवाज नाही तर भाषांतरही नाही. अशा वेळी हात खाली घ्यायचे आणि एकावर एक ठेवून उभं राहायचं. ऐकायला ते रास्तच वाटलं. जे ऐकूच येत नाही त्याचं भाषांतर कसलं करायचं?

फक्त एक गोष्ट प्रमुखांच्या ध्यानात आली नव्हती. तिची काचेची खोली सभागृहाच्या वरच्या अंगाला होती. तिथून खालचा प्रत्येक बाक सरळ दिसायचा. माईक बंद झालेला माणूस आणखी बराच वेळ बोलत राहायचा, आणि त्याचे ओठ तिला दिसायचे. सगळे शब्द नाही, पण पुष्कळसे. ते तिच्या डोळ्यांतून आत यायचे आणि बोटांपर्यंत येऊन अडायचे. ती हात एकावर एक ठेवून उभी राहायची.

आईला हे कळायला वेळ लागला नाही. पडदा घुमटाकडे वळायच्या आधीच्या एखाद्या क्षणात तिला चालू असलेलं तोंड दिसायचं आणि कोपऱ्यात लेकीचे मिटलेले हात. एका संध्याकाळी कांदा चिरता चिरता तिनं सुरी बाजूला ठेवली आणि विचारलं, "तो बोलत होता. तू गप्प का?"

लेकीनं आदेशाचं सांगितलं.

"ऐकणाऱ्यांचा आवाज त्यांनी बंद केला. ते ऐकणाऱ्यांनी बघावं," आई म्हणाली. "आमचा कुणी बंद केला?"

हे भांडण फार वाढलं. त्या घरातली मोठी भांडणं बिनआवाजाची असायची. फक्त ओट्यावर तळहात आपटल्याचा आवाज तेवढा यायचा. लेक म्हणाली, तुला सांगायला काय जातंय, नोकरी माझी आहे. आई म्हणाली, नोकरी तुझी, पण हात कुणाचे वापरतेस? लेकीचा नवरा दारात उभा राहून दोघींच्या हातांकडे आळीपाळीनं बघत होता. त्याला थोड्याफार खुणा यायच्या. तो जमीनमोजणी खात्यात होता, भला माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आई झोपायला गेल्यावर तो म्हणाला, की वारा फिरतो, तोवर माणसानं मान खाली घालून चालावं. तिला त्याचा राग आला नाही. तीही तसंच चालत होती.

आणि मग ते विधेयक आलं. परिस्थिती निवळेपर्यंत निवडणुका पुढे ढकलायच्या, असं त्यात होतं. परिस्थिती कोणती आणि ती निवळली हे कोण ठरवणार, ते अर्थातच मोठे साहेब. विरोधी बाकांवर मोजकीच माणसं उरली होती. त्यांच्यातर्फे बोलायला भूगोलबाई उठल्या. बंदराकडच्या भागातून निवडून आलेल्या या बाई पूर्वी शाळेत भूगोल शिकवायच्या. जाड भिंगाचा चष्मा, ठेंगणी मूर्ती, बोलताना एक बोट हवेत, जणू समोर नकाशा टांगलाय. त्यांनी "अध्यक्ष महोदय" म्हटलं, विधेयकाचं नाव घेतलं आणि माईक गेला.

पडद्यावर घुमट आला. सत्ताधारी बाकांवर हसाहशी झाली, कुणी उठून बाहेर निघालं. भूगोलबाई थांबल्या नाहीत. एक बोट हवेत ठेवून बोलत राहिल्या. कोपऱ्यातल्या बाईनं हात खाली घेतले, एकावर एक ठेवले. तिला दिसत होतं: *किती दिवस पुढे, हे यात कुठेही लिहिलेलं नाही.* मग काही सुटलं. मग: *माझ्या लोकांनी मला पाच वर्षांसाठी इथे पाठवलं. सहाव्या वर्षी या बाकावर बसलेली मी कोण असेन?*

तिनं पुढे अनेकदा आठवून पाहिलं, पण नेमका निर्णय कधी घेतला ते तिला सांगता आलं नाही. हात वर आले होते एवढंच. पहिलं वाक्य झालं, दुसरं झालं. जे ओठांवरून निसटलं तिथं तिनं प्रामाणिकपणे खूण केली, 'इथलं सुटलं', आणि पुढे गेली.

कानातल्या यंत्रात आवाजवाल्याचा आवाज आला. ध्वनिकक्षात बसून माईकची बटणं खालीवर करणारा हाच. तिला ताई म्हणायचा, ती त्याला दादा. गेली कित्येक वर्षं रोज सकाळी तो तिच्या कानात विचारायचा, ताई, ऐकू येतंय ना.

"ताई, हात खाली घ्या," तो म्हणाला. "वरून सांगतायत."

ती थांबली नाही. थोड्या वेळानं तो पुन्हा म्हणाला, या वेळी अगदी हळू, "ताई, माझ्याही मागे माणूस उभा आहे."

चौकट पटकन काढून टाकता आली असती, पण तिथं सरकारचा पाय सरकारच्याच धोतरात अडकला. अपंगांसाठीचा कायदा मोठ्या साहेबांनीच वाजतगाजत केला होता: थेट प्रक्षेपणातून ती चौकट क्षणभरही हलवायची नाही. म्हणून ती घालवायचं बटण ध्वनिकक्षात ठेवलेलंच नव्हतं. ते दुसऱ्या इमारतीत होतं, आणि तिथला माणूस लेखी हुकमाशिवाय हात लावेना. तेवढ्यात खाली भूगोलबाईंची नजर कशी कोण जाणे वर काचेकडे गेली. त्यांनी हलणारे हात पाहिले. त्या क्षणभर थबकल्या, मग चष्मा सारखा केला, सगळ्या सभागृहाकडे पाठ फिरवली आणि काचेकडे तोंड करून एकेक शब्द सावकाश, मागच्या बाकावरच्या पोराला सांगावा तसा, बोलायला लागल्या. मग काहीच सुटलं नाही.

भाषण संपलं, मतदान झालं, विधेयक मंजूर झालं.

त्या संध्याकाळी एक उलटंच घडलं. आजवर बहिरे ऐकणाऱ्यांना विचारायचे, काय झालं, काय म्हणाले. त्या दिवशी बहिऱ्यांनी ऐकणाऱ्यांना सांगितलं. कारखान्यांत, जिन्यांवर, घराघरांत. कुणी कागदावर लिहून दाखवलं, कुणी मोबाईलवर चित्रफीत करून खाली अक्षरं टाकली. सहाव्या वर्षी मी कोण असेन, हा प्रश्न दोन दिवसांत भिंतींवर दिसायला लागला. आई जिन्यात शेजारणीला धरून उभी होती. स्वतःच्या जाड, वेड्यावाकड्या आवाजाची तिला लाज वाटायची, चारचौघांत ती तो कधीच काढत नसे. लेक कामावरून आली तेव्हा ती त्याच आवाजात ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, शेजारणीला कळेपर्यंत.

चौकशी झाली ती पडदे ओढलेल्या एका खोलीत. प्रसारणप्रमुख, एक वकील आणि एक कुणीतरी, ज्याची ओळख करून दिली गेली नाही. मुद्दा सोपा होता. त्या भाषणाचा आवाज कुठेही नोंदलेला नव्हता. म्हणजे भाषण झालंच नव्हतं. म्हणजे बाईनं ते मनानं रचलं होतं. वकील सभ्य माणूस होता. तो म्हणाला, की ओठ वाचण्यात चुका होतात हे तज्ज्ञही मान्य करतात, तुम्ही स्वतःच मध्ये 'सुटलं' असं म्हणालात. तेव्हा अंदाजानं भाषांतर केलं, एवढं तोंडी कबूल केलंत तरी पुरे आहे. नोकरी राहील. यजमानांच्या बदलीचं चाललंय असं कानावर आलंय, तेही थांबेल.

ओठ वाचण्यात चुका होतात हे खरंच होतं.

"जिथं सुटलं तिथं मी सुटलं म्हणून सांगितलं," ती म्हणाली. "बाकीचं त्या बोलल्या."

"नक्की?"

"त्यांना बोलावून विचारा."

भूगोलबाईंना बोलावणं शक्य नव्हतं. त्यांना निलंबित केलं होतं आणि नंतर कुठल्याशा जुन्या प्रकरणात आत टाकलं होतं.

तिची नोकरी गेली. तेवढं तिनं गृहीत धरलंच होतं. पण दुभाषी म्हणून असलेला परवानाही गेला, आणि मग दवाखान्यात, न्यायालयात, शाळेत, कुठेच तिला बहिऱ्यांसाठी उभं राहता येईना. पुढच्या अधिवेशनात त्या कायद्यात दुरुस्ती आली आणि ती चौकटच पडद्यावरून गेली. नवऱ्याची बदली दूरच्या ठाण्यावर झाली. तो बॅग भरताना एक शब्द वाकडा बोलला नाही, आणि त्याचंच तिला जास्त लागलं. दारातून जाताना तो म्हणाला, "अगं, आईंच्या गोळ्या संपत आल्यात बघ."

सगळ्यांत जिव्हारी लागलं ते कर्णबधिर मंडळाच्या अध्यक्षांचं बोलणं. निवृत्त सुतार, वडिलांचे मित्र, तिला अंगाखांद्यावर खेळवलेले. सगळ्या मंडळासमोर त्यांचे हात तिच्यावर कोसळले. "एक भाषण दिलंस आणि आमची सगळी चौकट घालवलीस. माझी सून काल दवाखान्यात होती. डॉक्टर काय म्हणतोय ते तिला कुणी सांगितलं नाही. पोट कापणार हेही तिला टेबलावर गेल्यावर कळलं. तुझा तो प्रश्न घेऊन मी काय करू?"

तिनं मान हलवली, की तुमचं बरोबर आहे. आई उठून बोलू पाहत होती. तिनं आईचा हात धरून तिला खाली बसवलं. घरी येताना दोघी वाटभर एकमेकींकडे न बघता चालल्या, म्हणजे दोघींत एक अक्षरही निघालं नाही.

पण म्हातारी स्वस्थ बसणारी नव्हती. सभागृहाला प्रेक्षकांची गॅलरी होती आणि तिथं कुणाही नागरिकाला बसता यायचं. तो नियम बदलायचं कुणाला सुचलं नव्हतं, कारण हल्ली तिथं चिटपाखरू फिरकत नसे. एका सकाळी आई इस्त्रीचं लुगडं नेसली, कारखान्यातल्या दोन जुन्या मैत्रिणींना घेतलं आणि जाऊन पहिल्या रांगेत बसली. दुसऱ्या दिवशी आणखी काही जण आले. रक्षकांनी झडती घेतली, हाती काही लागलं नाही. घोषणा देत नव्हते, गोंगाट करत नव्हते. खाली माईक बंद व्हायचा, आणि उभा राहिलेला सदस्य मान वर करून गॅलरीकडे बघत सावकाश बोलायचा. दुपारी हे लोक बाहेर येऊन पायऱ्यांवर उभे राहायचे आणि पाहिलेलं हातांनी सांगायचे. फुटपाथवर लेक उभी असायची. ती ते मोठ्यानं बोलून दाखवायची. फुटपाथवर उभं राहून बोलायला अजून परवाना लागत नव्हता.

सुरुवातीला ऐकायला पाववाला आणि बसची वाट बघणारे दोघेतिघे असायचे. मग माणसं मुद्दाम यायला लागली. एके दिवशी गर्दीच्या मागे सुतारकाका दिसले. ते तिच्याशी बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी गॅलरीत आईच्या शेजारी बसले होते.

हे चाललं तोवर चाललं. थंडी सुरू व्हायच्या सुमारास गॅलरी छताच्या दुरुस्तीसाठी बंद झाली. छताला काही झालेलं नव्हतं. आईला आणि सुतारकाकांना एक दिवस चौकीवर नेऊन बसवलं, प्रश्न विचारले आणि दोघांनाही ऐकू येत नाही म्हणून वैतागून सोडून दिलं. आई घरी आली ती हसत, पण बोलताना तिच्या खुणा मध्येच तुटत होत्या. ते तिनं लेकीपासून लपवायचा प्रयत्न केला. हातांवर नजर ठेवायलाच जी लहानपणापासून शिकली होती तिच्यापासून ते कसं लपणार?

ज्या रविवारी निवडणूक व्हायची होती तो रविवार आला आणि गेला. मतदान जिथं व्हायचं त्या शाळेला कुलूप होतं. काही लोक उगाच तिथपर्यंत चालत जाऊन परत आले.

आता मंडळाच्या खोलीत दर रविवारी आई ऐकू येणाऱ्यांना ओठ वाचायला आणि खुणा करायला शिकवते. कल्पना सुतारकाकांची. दवाखान्यात सुनेबरोबर जायला माणसं हवीत, असं ते म्हणाले, आणि ते खरंच आहे. दुसरं कारण कुणी बोलून दाखवत नाही. खुर्च्या कमी पडतात, माणसं खिडकीच्या कट्ट्यावर बसतात. आई फार कडक शिकवते.

गेल्या रविवारी वर्ग सुरू झाल्यावर आवाजवाला आला. चेहरा ओढलेला, दाढी वाढलेली. मागच्या रांगेत बसला. लेक भिंतीला टेकून उभी होती. त्यानं तिच्याकडे पाहून मान हलवली, तिनंही हलवली. तो शिकायला आलाय की कोण कोण येतंय ते बघायला त्याला पाठवलंय, हे तिला कळेना. त्याच्यामागे अजूनही माणूस उभा असेल का? तिनं त्याच्या ओठांकडे पाहिलं. ते मिटलेले होते. विचारावं असं एकदा मनात आलं, पण विचारून खरं उत्तर मिळेल याची खात्री नव्हती, आणि खोटं मिळालं असतं तर तिला तेही दिसलं असतं.

आई रांगांमधून फिरत मागे आली. त्याच्यापुढे उभी राहिली. त्याचा उजवा हात उचलून तिनं अंगठा नीट वळवला, करंगळीवर टिचकी मारली आणि पुन्हा कर म्हणून खूण केली. त्याला जमलं नाही. तिनं पुन्हा टिचकी मारली.